ग्रंथपाल गाडी उंच करतात

दगडाने गाडीचं पोट धरलं, तेव्हा ग्रंथपाल आईला हेच समजावून सांगत होते की ह्या गाडीला वाटेत काही अडत नाही. वाक्य जेमतेम संपत आलं होतं. खालून कोणीतरी लोखंडी कपाट ओढत नेल्यासारखा आवाज झाला, गाडी थोडी वर उचलली गेली आणि तिथेच बसली. ग्रंथपालांनी जोर लावला. चाकं फिरली, धूळ उडाली, खडे मागे भिरकावले गेले, पण गाडी पुढे जाईना की मागे येईना. डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याच्या ऐन मधोमध एक दगडी उंचवटा होता आणि ग्रंथपालांची जुनी जीप त्याच्यावर पोट टेकून विसावली होती.

"अडलं वाटतं काहीतरी," आई म्हणाली.

वरच्या वळणापलीकडेच मावशीचं घर. पण आईचे गुडघे तो चढ चढण्यातले नव्हते. शेवटी मावसभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने मागे साखळी बांधली आणि जीप उलटी ओढून काढली. हे चाललेलं असताना त्याने ग्रंथपालांना एकच काम दिलं होतं. तो म्हणाला होता, "दादा, तू नुसता बसून राहा. कशाला हात लावू नकोस." कॉलेजच्या ग्रंथालयात ज्यांच्या नुसत्या चष्म्यावरून पाहण्याने बाकं गप्प होतात, त्या माणसाने रस्त्यावर जमलेल्या माणसांसमोर, शेळ्यांसमोर, हात मांडीवर ठेवून उलटं उलटं खाली जायचं, हे सोपं नव्हे. मावसभावाने आईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वर न्यायची तयारी दाखवली. आईने ट्रॉलीकडे पाहिलं आणि आपण अजून पोतं झालेलो नाही असं सांगितलं. मग दोघं घरी परत आली.

आता कोणी म्हणेल, मावशीला फोन करायचा. तर तेच संपलं होतं. मावशी खुब्याच्या दुखण्यातून उठली होती खरी, वॉकर धरून घरातल्या घरात फिरतही होती, पण तिचे कान गेले होते. आधी दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर बोलायच्या. मुख्य विषय, आदल्या दिवशी काय बोललो तो. अलीकडे मावशीला फोनमध्ये नुसती घरघर ऐकू यायची. ती थोडा वेळ "कोण, कोण" करायची आणि "बरं, ठेवते" म्हणून ठेवून द्यायची. समोर बसलं, ओठ दिसले, तर सगळं समजतं, असं मावसभाऊ सांगत होता. म्हणजे समोर बसायला हवं होतं. पावसाळा सुरू झाला की तो रस्ता वाहून जातो आणि पुढचे कित्येक महिने तिथे ट्रॅक्टरसुद्धा जपून जातो. घरी आल्यावर पर्स खुंटीला अडकवताना एवढंच म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू." दोघींची वयं पाहता हे वाक्य ग्रंथपालांना मुळीच आवडलं नाही.

त्यांनी त्याच संध्याकाळी गाडी उंच करायचं ठरवलं.

ग्रंथपालांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट ठरली की ती आधी वाचून काढायची. गाडीखालचा सगळा संच बदलून गाडी उचलून घेता येते, त्याला लिफ्ट किट म्हणतात, आणि लिफ्ट किट निवडणं हे सून किंवा जावई निवडण्याइतकंच मतभेदांचं काम आहे, हे त्यांना वाचनातून कळलं. गाडी उंच करायचे मार्ग मुख्यतः दोन. एकात चाकं आणि लोखंडी सांगाडा जिथल्या तिथे ठेवून, सांगाडा आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून वरची बॉडी तेवढी उचलायची. दुसऱ्यात, ज्या पाट्यांवर गाडी तोललेली असते ते पाटेच जास्त कमानीचे घालायचे, त्यांच्या जोडीला लांब शॉकअप बसवायचे, म्हणजे सांगाड्यासकट सगळी गाडी वर जाते. एवढं वाचून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी हे घरी जेवताना मोठ्याने सांगितलं आणि नेमका तेव्हा मेहुणा आलेला होता.

मेहुण्याकडेही एक दांडगी गाडी होती. ती डोंगर चढण्यासाठीच बनवलेली होती, आणि म्हणूनच की काय, तो तिला डांबरी रस्त्यावरून कधी खाली उतरू देत नसे. दर रविवारी ती धुतली जायची. तिच्या चाकांच्या खाचांमधली धूळ तो जुन्या दातांच्या ब्रशने काढायचा. तर मेहुण्याचं म्हणणं, भाऊजींनी डोळे मिटून ठोकळे घालावेत. त्याने स्वतः तेच केलं होतं. गाडीला रुबाब येतो, सिग्नलला शेजारचा माणूस मान वर करून बघतो, आणि एका दिवसात काम होतं. ग्रंथपालांना शेवटचा मुद्दा पटला. पावसाळा जवळ येत चालला होता.

बायको शाळेत भूमिती शिकवायची. तिने पोळी मोडता मोडता विचारलं, "अहो, पण खरचटलंय कुठे? बॉडीला का खालच्या सांगाड्याला?"

मेहुणा हसला. ग्रंथपाल हसले नाहीत, कारण त्यांना उत्तर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते बॅटरी घेऊन इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरले. शिरताना सोपं वाटलं. आत गेल्यावर लक्षात आलं की माणूस पुस्तकांच्या दोन मांडण्यांमधल्या जागेला सरावलेला असला तरी आडव्या जागेचं शास्त्र वेगळं आहे. चष्मा सारखा कपाळाकडे सरकत होता. शेवटी गिअरबॉक्सच्या खालच्या आडव्या तुळईवर त्यांना तो ओरखडा दिसला. लांबलचक, चकचकीत, दगडाने सही केल्यासारखा. म्हणजे अडला होता तो सांगाडा. ठोकळे घालून बॉडी गच्चीपर्यंत नेली असती तरी सांगाडा त्याच दगडावर जाऊन बसला असता. बायकोचं बरोबर होतं. हे तिला कोणत्या शब्दांत सांगावं याचा ते विचार करत असतानाच त्यांना गाडीशेजारी पॉलिश केलेले दोन बूट दिसले.

बूट प्राचार्यांचे होते. ते त्याच इमारतीत कोणाला तरी भेटायला आले होते आणि गाडीखालून बाहेर आलेल्या निळ्या-करड्या मोज्यांवरून त्यांनी आपल्या ग्रंथपालांना ओळखलं होतं. त्यांनी काळजीने विचारलं, की आपण पडलात का. ग्रंथपालांनी गाडीखालूनच, शक्य तेवढ्या भारदस्त आवाजात, पाहणी चालू असल्याचं सांगितलं. प्राचार्यांना वाटलं आता ते बाहेर येतील. ग्रंथपालांनाही तसंच वाटत होतं. पण शर्ट मागे कुठल्याशा बोल्टात अडकला होता. मग प्राचार्य वाकून, ग्रंथपाल उताणे, अशा अवस्थेत दोघांनी ग्रंथालयाच्या नव्या कपाटांबद्दल बराच वेळ चर्चा केली. प्राचार्य गेल्यावर ग्रंथपालांनी शर्टाचा एक तुकडा बोल्टाला दिला आणि बाहेर आले. कपाटं मंजूर झाली, हे मात्र नमूद केलं पाहिजे.

तर मार्ग ठरला: पाटे आणि शॉकअप. पण किती इंच, हा खरा प्रश्न पुढेच होता.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त भूमापक राहायचे. सगळी इमारत त्यांना मोजणीसाहेब म्हणायची. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्यामुळे त्यांचा मोठ्या आकड्यांवर लोभ होता. ते म्हणाले, उंच करायचीच तर चार इंच करा, माप घ्यायचं ते पुढच्या पिढीचं घ्यावं. मेहुणा ठोकळ्यांचा अपमान गिळून म्हणाला, दोनच्या वर जाऊ नका, वळणावर गाडी कलंडेल आणि ताई मला बोलेल. गॅरेजवाल्या मिस्त्रीला विचारलं तर त्याचं सगळ्याला एकच उत्तर होतं, "होऊन जाईल." दोन होतील का, होऊन जाईल. चार होतील का, होऊन जाईल. मग चांगलं कोणतं, ह्या प्रश्नालाही तो सवयीने "होऊन जाईल" म्हणाला आणि ग्रंथपाल तिथून निघाले.

त्यांनी निर्णय घेतला की मतं पुष्कळ झाली, आता दगड मोजायचा. आणि मोजायचं म्हटल्यावर मोजणीसाहेब मागे राहणं अशक्य होतं. रविवारी सकाळी दोघं निघाले. मोजणीसाहेबांनी टोपी, पट्टी, दोरी, पाणसळ आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी असा जुना सरंजाम बरोबर घेतला होता. गाडी चढाच्या खाली ठेवून ते दगडापाशी चालत गेले. ग्रंथपालांनी दोन्ही चाकोऱ्यांवर दोरी ताणून धरली आणि मोजणीसाहेब काठी रोवून एक डोळा मिटून उभे राहिले.

लाल-पांढरी काठी दिसली आणि डोंगरावर बातमी पसरली की मोजणीवाले आले. आधी एक म्हातारा आला आणि रस्ता रुंद होणार असेल तर त्याचं आंब्याचं झाड वाचवा, असं सांगू लागला. मग दोन सख्खे भाऊ आले. त्यांचा बांधावरून जुना वाद होता. थोरल्याने मोजणीसाहेबांना सावलीत बसायला खुर्ची आणली. धाकट्याने ती खुर्ची कोणाच्या हद्दीत ठेवली आहे ते आधी ठरवा म्हटलं. ग्रंथपाल दोरी धरून सांगत होते की आम्ही फक्त हा दगड मोजतो आहोत. पण दगड मोजायला दोन शिकलेली माणसं शहरातून येतात, यावर डोंगरावर कोणाचा विश्वास बसेना. त्यातून मोजणीसाहेबांना नोकरीनंतर प्रथमच कोणी साहेब म्हणून खुर्ची दिली होती. त्यांनी दगड बाजूला ठेवला आणि बांध मोजून दिला. तो दोघा भावांनाही मान्य झाला नाही, त्यामुळे सगळं नेहमीप्रमाणे पार पडलं.

दगडाचं राहिलेलं माप उरकून निघताना ग्रंथपालांनी त्या म्हाताऱ्याला विचारून घेतलं, की हा दगड फोडून काढता येणार नाही का. बायकोने विचारायला सांगितलं होतं. म्हातारा म्हणाला, "तो दगड नाही. तो डोंगरच आहे. डोकं तेवढं वर आलंय."

मापातून निघालं ते असं: आहे त्यापेक्षा अडीच इंच वर गेली की गाडी दगडाला चाटून जाईल, तीन इंच गेली की न चाटता जाईल. ग्रंथपालांनी तीन ठरवले. मोजणीसाहेबांना ते थोडे वाटले, मेहुण्याला जास्त, आणि दोघंही नाराज झाले तेव्हा ग्रंथपालांना आपण योग्य ठिकाणी पोचल्याची खात्री वाटली.

मग परवानगी. वाहन तपासणीच्या कार्यालयात खिडकीमागे एक बाई बसायच्या. स्वभावाने सौम्य, पण नियमाच्या पक्क्या. त्यांनी सांगितलं की बदलाआधी परवानगी हवी. ग्रंथपाल म्हणाले, त्यासाठीच आलो. बाई म्हणाल्या, परवानगीसाठी बदलानंतरची उंची इथे आवारात मोजून घ्यावी लागते. ग्रंथपाल म्हणाले, मग बदलून आणतो. बाई म्हणाल्या, परवानगीशिवाय बदललेली गाडी आवारात घेता येत नाही. मागे रांगेतला एक माणूस म्हणाला की तो ह्याच ठिकाणी गेल्या वर्षी येऊन थांबला आहे.

बाईंनी बदलाचं कारणही विचारलं. ग्रंथपालांनी सांगितलं, मावशी. बाई म्हणाल्या, कारण शेती, मालवाहतूक किंवा संस्थेचं काम यांपैकी लागतं. मावशी यांपैकी कशात बसते यावर रांगेत वेगवेगळी मतं पडली.

दुसरा कोणी असता तर इथे थकला असता. पण नियमांचं पुस्तक कुठे ठेवलेलं असतं हे ग्रंथपालाला माहीत असतं. तेच त्याचं काम. ते आपल्या ग्रंथालयात गेले, शिडी लावली आणि सगळ्यात वरच्या खणातून, कोणीही कधी न उघडलेल्या जाड नियमावलीची धूळ झटकली. पानं एकमेकांना चिकटलेली होती. एका तळटीपेत स्पष्ट लिहिलं होतं की अपेक्षित उंची कळवून आधी तात्पुरती परवानगी देता येते, आणि कारणांत 'इतर' चालतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो ग्रंथ खिडकीत उघडून ठेवला. बाईंनी तळटीप वाचली, पुन्हा वाचली, आणि शिक्का मारता मारता म्हणाल्या, की हे पुस्तक इथे थोडे दिवस ठेवून जाता का. ग्रंथपालांनी विनम्रपणे सांगितलं की संदर्भग्रंथ बाहेर देत नाहीत. त्या एका वाक्याने त्यांचा ट्रॅक्टरपासूनचा सगळा शीण गेला.

किट आलं. मिस्त्रीने जुने पाटे काढले, नवे चढवले, शॉकअप बसवले. गाडी खाली घेतली आणि सगळे मागे सरकून बघू लागले. मागची बाजू हवी तेवढी वर आली होती. पुढची मात्र त्याहून कितीतरी वर गेली होती. गाडी आभाळात काहीतरी शोधत असल्यासारखी दिसत होती. मिस्त्री म्हणाला, नवी आहे, हळूहळू बसेल. ग्रंथपाल पुढे बॉनेटवर चढून बसले. मिस्त्रीही बसला. मोजणीसाहेब बघायला आले होते, त्यांनाही बसवलं. गाडी बसली नाही.

तशीच ती तपासणीला गेली, कारण तारीख मिळाली होती आणि तारीख सोडायची नाही असं ग्रंथपालांचं मत होतं. तिथे शेडमध्ये भिंतीवर एक रेघ आखलेली असते. दिव्यांचा झोत रेघेच्या खाली पडायला हवा. ग्रंथपालांनी दिवे लावले. भिंतीवर काहीच पडलं नाही. तपासनिसाने इकडे तिकडे पाहिलं आणि मग मान वर केली. झोत छताच्या पंख्यावर पडला होता आणि पंख्याच्या पात्यावरची एक पाल घाईघाईने अंधार शोधत होती. तपासनिसाने फक्त 'नापास' म्हटलं; त्याहून जास्त काही बोलायची त्याला गरज वाटली नाही.

दुकानदाराकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला. पुढचे पाटे भलत्याच, बोजड इंजिनाच्या गाडीसाठीचे आले होते. ते परत गेले, योग्य ते आले, मिस्त्रीने ते चढवले. मग स्टिअरिंग भरकटू लागलं, म्हणून त्याने चाकांचा आस आणि पाटे यांच्यामध्ये पाचरी घातल्या. ब्रेकची नळी आखूड पडली, ती बदलली. दिवे खाली वळवले. प्रत्येक वेळी ग्रंथपाल शेजारी स्टुलावर बसून असायचे. घरी बायकोने एकदाच विचारलं, की कंटाळा येत नाही का. ते म्हणाले, येतो. आणि डबा घेऊन पुन्हा गॅरेजला गेले.

गाडी तपासणीत पास झाली त्या दुपारी ग्रंथपाल इतके खुश होते की रोजच्या सवयीने त्यांनी ती भरकन पार्किंगमध्ये वळवली. खालची सगळी मापं त्यांना तोंडपाठ होती. वरचं माप मात्र ना त्यांनी घेतलं होतं, ना मोजणीसाहेबांनी, ना सरकारने. ताडपत्रीच्या छपराखालचा लोखंडी गज आडव्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपला लागला, पाइप मधोमध तुटला आणि गाडीच्या छपरावर कोमट पाणी पडू लागलं. पाण्यात डाळ होती. पाइप मोजणीसाहेबांच्या स्वयंपाकघराचा होता. ते धावत खाली आले. चार इंच केले असते तर पाइप उरलाच नसता, हे ग्रंथपालांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, आणि मोजणीसाहेबांनीही दोन्ही हातांनी पाइप धरून उभं राहताना उंचीचा विषय काढला नाही.

एवढं सगळं झाल्यावर, आभाळ भरून यायला लागलं असताना, निघायची सकाळ उजाडली. गाडी पाइपच्या भीतीने आता फाटकाबाहेर रस्त्यावरच उभी असायची. बायको डबा आणि छत्री घेऊन मागे बसली. आई नीटनेटकी तयार होऊन बाहेर आली, गाडीजवळ गेली आणि थांबली. पाय ठेवायची जागा तिच्या गुडघ्याच्याही वर होती.

ग्रंथपालांनी एवढे दिवस दगडाचा, सांगाड्याचा, झोताचा विचार केला होता. आई गाडीत चढणार कशी, हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मोजणीसाहेब म्हणाले, खुर्ची आणू. मेहुणा निरोप द्यायला आला होता, तो म्हणाला, दोघं मिळून उचलू. आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याने हात मागे घेतले. मग तिने न्हाणीघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल मागवलं. त्यावर एक पाय. मग गुडघा आसनावर. तिथे ती अडकली, ना आत ना बाहेर. ग्रंथपालांनी आधार द्यायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "मी जाणार म्हणजे जाणार. फक्त घाई करू नका."

कोणी घाई केली नाही. गल्लीतली दोन माणसंही थांबून राहिली. आईने मूठ आवळून छपराचा गज धरला, श्वास घेतला आणि एका दमात वर आली. आत बसल्यावर तिने केस सारखे केले आणि स्टूल बरोबर घ्यायला सांगितलं. ग्रंथपालांना तेव्हा पहिल्यांदाच लक्षात आलं की आपल्या अंगातला हट्ट कुठून आला आहे.

डोंगराच्या पायथ्याशी बारीक थेंब सुरू झाले. ग्रंथपालांनी चारही चाकांना जोर दिला. रस्ता आधीच निसरडा होत होता. शेवटच्या वळणाआधी तो उंचवटा दिसला, ओला, काळा, होता तसाच. पुढची चाकं दोन्ही बाजूंनी चाकोरीत उतरली. ग्रंथपालांनी कान खाली लावले. लोखंडी कपाट ओढल्याचा आवाज येईल म्हणून त्यांचे खांदे आपोआप वर गेले होते. पण आवाज आला नाही. मागची चाकं गेली. गाडी दगडावरून पार झाली होती. ग्रंथपालांना उतरून, मागे जाऊन, खाली वाकून ती मोकळी जागा डोळ्यांनी पाहायची अनावर इच्छा झाली. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवलासुद्धा.

"अरे, चल ना," आई म्हणाली. "दगड बघायला आलोय का आपण?"

मावशी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. गाडीचा आवाज तिला ऐकू आला नाही; अंगणात गाडी शिरली तेव्हा दिसली. आई स्टुलावरून खाली उतरेपर्यंत ती डोळे बारीक करून नुसती बघत राहिली. मग ओट्याच्या चार पायऱ्या चढून, गुडघ्यांवर हात ठेवत, आई तिच्यासमोर जाऊन बसली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मावशीचं पहिलं वाक्य होतं, "किती वाळलीस." आई हळू, ओठ दिसतील असं म्हणाली, "तू कुठे बाळसं धरलंयस." आणि जणू कालच फोन ठेवला होता तशा दोघी सुरू झाल्या. मावशी बहिऱ्या माणसासारखी मोठ्याने बोलायची, आई नुसते ओठ हलवायची, त्यामुळे बाकीच्यांना संभाषणाचा अर्धाच भाग कळत होता, पण तेवढाही पुरेसा होता.

चहा झाला, डबा झाला, पाऊस थांबला. मावशीने विचारलं की आलात कसे. आईने गाडीकडे बोट दाखवलं. मावशी वॉकर सरकवत ओट्याच्या काठापर्यंत आली आणि गाडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली. मग म्हणाली, मला खिंडीपर्यंत फिरवून आणा. खिंड घराच्या मागेच, सपाट रस्त्याने थोडी पुढे. तिथून खालचं सगळं खोरं दिसतं. खुब्याचं दुखणं झाल्यापासून मावशी ह्या ओट्याखाली उतरली नव्हती.

मावसभावाने मान हलवली. पायऱ्यांना डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, आणि स्टुलाचा तर विचारही नको. उचलून न्यायचं तर मावशी आईचीच थोरली बहीण. तिने आधीच हात वर करून दूर राहा असं सांगितलं होतं. मावशीने सगळ्यांचे ओठ वाचले, तिला उत्तर समजलं, आणि ती वॉकर वळवून आत जायला लागली. आईने ग्रंथपालांकडे पाहिलं.

ग्रंथपाल गाडीकडे बघत होते. मग ओट्याकडे. मग पुन्हा गाडीकडे. ते अंगणात उतरले, गाडी सुरू केली, पूर्ण फिरवली आणि मागे घ्यायला लागले. मावसभाऊ ओट्यावरून हाताने खूण करत होता, अजून, अजून, जरा डावीकडे, बास. ग्रंथपालांनी उतरून मागचं फळकूट उघडून आडवं केलं. ते ओट्याच्या काठावर टेकलं. गाडीचा तळ आणि ओट्याची फरशी यांत तसूभर फरक नव्हता. ओटा जणू थोडा पुढे वाढला होता आणि त्याला बाकं बसवली होती.

मावशीने वॉकर पुढे ठेवला, तो फळकुटावर. मग पाऊल. मग वॉकर आत. स्वयंपाकघरातून माजघरात जावं तशी ती चालत गाडीत गेली आणि बाकावर बसली. मागोमाग आई गेली, गुडघ्यांना हात न लावता. बायकोने दोघींच्या मध्ये उशी सारली. मावसभाऊ तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

मावशीने बसल्या बसल्या खाली वाकून, ओटा आणि गाडी यांच्यामधल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग मान वर केली आणि अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मोजून केलीस रे उंची. माझा ओटा लक्षात ठेवलास."

ग्रंथपालांनी तोंड उघडलं. पाटे, शॉकअप, दगड, अडीच आणि तीन यांतला फरक, तात्पुरती परवानगी, सगळं त्यांच्या जिभेवर ओळीने उभं होतं, आणि चुकीची माहिती दुरुस्त केल्याशिवाय ते आयुष्यात कधी पुढे गेले नव्हते. पण त्यांच्या आधी आईनेच बहिणीकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सावकाश, ओठ दिसतील असा उच्चारला.

"हो ताई. तुझ्यासाठीच मोजली."

ग्रंथपालांनी फळकूट वर करून खिट्टी लावली, पुढे जाऊन बसले आणि हँडब्रेक सोडला.